‘ड्रमर कुठे आहे?’ असे विचारणाऱ्या कलामंडळांना खुले पत्र

पुण्यातल्या महाविद्यालयांची कलामंडळे, बँडस्पर्धा भरवणाऱ्या समित्या आणि छोट्या सभागृहांचे व्यवस्थापक यांस,

स. न. वि. वि.

पावसाळा सरत आला की स्पर्धांच्या नियमावल्या निघतात. त्यांत तीन ओळी हमखास असतात. ‘बँडमध्ये किमान एक ड्रमवादक असावा.’ ‘आधी ध्वनिमुद्रित केलेला ट्रॅक वापरल्यास संघ बाद.’ ‘मंचावर पाऊल ठेवल्यापासून मंच रिकामा होईपर्यंत २० मिनिटे.’ गिटार, बेस आणि ड्रमवाल्या बँडला या तिन्हींचा काही त्रास नाही. सिंथ बँड, म्हणजे मुख्यतः सिंथेसायझर (विजेवर आवाज घडवणारे यंत्र, थोडक्यात सिंथ) आणि ड्रम मशीन यांवर चालणारा बँड, मात्र तिसरी ओळ वाचेपर्यंत स्पर्धेतून गेलेला असतो.

हे पत्र लिहिणारे आम्ही मिक्सरमागे उभे राहतो, सिंथ उघडून साफ करतो, बँडांना वायरी बांधून देतो. सिंथ बँड फुटला की ‘मतभेद झाले’ असे छापून येते. मतभेद भजनी मंडळातही असतात. सिंथ बँड बहुतेक वेळा फुटतो तो मंचावरच्या गुणगुणीवरून, हातात न मिळालेल्या दहा मिनिटांवरून, एकाच्याच डोक्यात अडकलेल्या सेटिंगवरून आणि बक्षिसाच्या चेकवर कोणाचे नाव यावरून. यातले बरेचसे तुमच्या हातात आहे, म्हणून पत्र तुम्हाला. बँडांना काय सांगायचे ते आम्ही तोंडावर सांगतोच.

आधी हा प्रकार काय आहे ते थोडक्यात. १९७६-७७ साली इंग्लंडात पंक हा धसमुसळा रॉक आला आणि तीन कॉर्ड येणाऱ्याला मंच मिळाला. लगोलग काहींना तीन कॉर्डही जास्त वाटू लागल्या. त्यांनी गिटार ठेवून स्वस्तातला सिंथ उचलला. शेफील्ड हे पोलादाचे, सुऱ्या-कात्र्यांचे शहर. तिथे मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श यांनी १९७७ साली ह्यूमन लीग हा बँड उभा केला. दोघे नोकरीने कॉम्प्युटर ऑपरेटर, गायक फिलिप ओकी इस्पितळात पोर्टर. यंत्रे दोन, कॉर्ग ७००एस आणि रोलंड सिस्टिम-१००. ड्रमवादक नव्हताच. चौथा माणूस एड्रियन राइट पडद्यावर स्लाइड दाखवायचा आणि तो बँडचा सभासद होता. तुमच्या प्रवेशअर्जात त्याच्यासाठी रकानाच नाही. हिंजवडीत दिवसभर स्क्रीनपुढे बसून संध्याकाळी सिंथ उघडणाऱ्या मुलांना ही वंशावळ सांगावी लागत नाही.

आता ड्रमरचा प्रश्न. ड्रम मशीन म्हणजे कॅसेट नव्हे. किक म्हणजे साधी साइन लहर, तिचा स्वर साधारण २०० हर्ट्‌झवरून ५० हर्ट्‌झपर्यंत एका सेकंदाच्या विसाव्या भागात खाली घसरवायचा. स्नेअर म्हणजे रेडिओचे स्टेशन सुटल्यावर येते ती खरखर, फिल्टरमधून गाळून दीड-दोनशे मिलिसेकंदांत मिटवलेली. सुरुवातीच्या ह्यूमन लीगचे ठेके असेच सिंथमधून काढलेले होते. हे आवाज कोणीतरी बनवतो आणि मंचावर उभा राहून बदलतो. कुठे हाय-हॅट उघडायचा, कुठे किक दोन मात्रा गाळायची, कुठे स्नेअरवर एको सोडायचा. त्याला वादक म्हणायचे नसेल तर छोट्या मैफलीत इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावून गाणाऱ्यांना ‘तंबोरेवाले कुठे आहेत?’ असे विचारायला सुरुवात करा.

ट्रॅकवर ओठ हलवणारे तुम्हाला पकडायचे आहेत, हे आम्हाला कळते. त्याला साधी परीक्षा आहे. परीक्षकांनी गाण्याआधी सांगावे, ‘दुसऱ्या कडव्यानंतर चार मात्रा सगळे थांबवा, आणि शेवटचे धृपद दोनदा घ्या.’ जो बँड खरोखर सिक्वेन्सर (ठरवलेले सूर-ठेके क्रमाने वाजवणारे यंत्र) चालवतो त्याला यात काही अवघड नाही. पॅटर्न थांबवला, मोजले, सोडला. सलग ट्रॅक लावणारा इथे उघडा पडतो. म्हणून नियमच असा लिहा: ‘वाजणारा प्रत्येक भाग मंचावरच्या माणसाला थांबवता, बदलता आणि पुन्हा सुरू करता आला पाहिजे.’ ‘ट्रॅक वापरल्यास बाद’ यापेक्षा हा जास्त कडक आहे.

परीक्षकांबद्दल एक. गुणपत्रिकेत ‘सुरेलपणा, हरकती, तान’ असे रकाने सुगम संगीतातून उचलून आणलेले असतात. या प्रकारातली गायकी सपाट असते, बोलल्यासारखी, खालच्या पट्टीत. भावनेला मुद्दाम लगाम घातलेला असतो. ती आवडायलाच हवी असे नाही, पण हरकती न घेतल्याबद्दल गुण कापणे म्हणजे पोवाड्यात मिंड शोधणे झाले. आणि मराठी शब्द असतील तर साउंडवाल्याला सांगून ठेवा, कारण भ, फ, ध, घ यांचा श्वास माइकवर धप्पकन आदळतो. गायनाच्या चॅनलवर साधारण १०० हर्ट्‌झखालचे कापायचे, माइक तोंडासमोर सरळ न धरता किंचित तिरपा धरायचा. १२० च्या लयीत एको ५०० मिलिसेकंदांचा ठेवला तर शब्दावर शब्द चढतात. ३७५ चा ठेवला तर तो मात्रांच्या फटीत पडतो आणि ‘वेळ’ मधला ळ ऐकू येतो.

वीस मिनिटांचा हिशेब मांडून दाखवतो. टेबल आणून लावायला २ मिनिटे. वीज जोडून सगळी यंत्रे चालू करायला १. दहा चॅनल, प्रत्येकी अर्धा मिनिट, म्हणजे ५. गायन आणि मॉनिटर (वादकांकडे तोंड केलेले स्पीकर) यांना ३. ड्रम मशीन आणि बाकीची यंत्रे एका लयीत चालतात का ते बघायला १. झाली १२. उरलेल्या आठात चार-चार मिनिटांची दोन गाणी, तीही उतरायला वेळ न धरता. मग बँड काय करतो? लाइन चेक, म्हणजे एकेक चॅनल वाजवून बघणे, सोडून देतो. पहिल्या गाण्यात बेस सिंथ ऐकूच येत नाही, दुसऱ्यात कानठळ्या बसवतो. मंचावरून खाली आल्यावर बेस वाजवणारा म्हणतो ड्रम मशीनवाल्याने वेळ खाल्ला, तो म्हणतो तुझी वायर खराब. फुटीची पहिली रेघ इथे पडते. जुळणीला १५ मिनिटे वेगळी द्या आणि गाण्याचे घड्याळ पहिल्या सुराला सुरू करा. ती १५ मिनिटे तुमच्या निवेदकाला मिळतील. तसेही प्रायोजकांची नावे वाचायची असतातच.

यातही वेळ वाचवता येतो. पाच फूट बाय दोन फुटांच्या प्लायवर सिंथ, ड्रम मशीन, छोटा मिक्सर सगळे घट्ट बसवून, वायरी खालून बांधून, घरूनच जोडून आणायचे. बाहेर फक्त एक तीन पिनांचा प्लग आणि नंबर घातलेल्या वायरींची एक जुडी. घडीच्या टेबलावर ती फळी ठेवली की काम झाले. यासाठी तुमच्याकडून दोनच गोष्टी लागतात. एक, नियमावलीत ‘आधी जुळवलेले टेबल चालेल’ अशी ओळ. दोन, विंगेत एक चालू सॉकेट.

ते सॉकेट कशाला? जुन्या पद्धतीच्या अ‍ॅनालॉग सिंथचा स्वर तापमानावर हलतो. आतला ट्रान्झिस्टर गरम होईपर्यंत स्वर चढतो-उतरतो, स्थिर व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. मे महिन्यात बाहेर चाळीस अंश आणि आत एसी असेल, किंवा डिसेंबरात गारठ्यातून आणून थेट दिव्यांखाली ठेवला असेल, तर आणखी. दोन गाण्यांच्या मध्ये तो चक्क पाव स्वर घसरू शकतो. विंगेत आधीचा संघ वाजवत असताना सिंथ चालू ठेवला तर हा प्रश्नच उरत नाही. मैफलीत तबलजी हातोडी घेऊन पाच-पाच मिनिटे तबला लावतो तेव्हा सगळे सभागृह समजूतदारपणे बसते. सिंथलाही तेवढा मान द्या. त्याला हातोडीही लागत नाही.

आता मुख्य दुखणे, गुणगुण. पन्नास हर्ट्‌झचा तो जाड ‘घूंऽऽ’ आवाज. साउंडवाला सांगतो तुमचा सिंथ खराब आहे, बँड म्हणतो घरी तर नीट होता. बहुधा दोघेही खरे बोलत असतात. मंचावरचा बोर्ड सभागृहाच्या एका फेजवर असतो, मागच्या मिक्सरचा बोर्ड दुसऱ्या. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतो. सिंथची वायर या दोघांना जोडते आणि तो फरक वायरीच्या जाळीतून वाहू लागतो. तोच तुम्हाला ऐकू येतो. दिव्यांचे डिमर त्याच फेजवर असतील तर गुणगुणीवर एक करकरीत झालरही चढते.

शोधायची रीत ठरलेली आहे. सगळ्या वायरी काढा, मुख्य आवाज खाली घ्या. मिक्सर एकटा चालू करा, शांत आहे ना ते बघा. मग एकेक यंत्र जोडा, आणि प्रत्येक वेळी आधी सिग्नलची वायर, मग वीज. ज्या क्षणी गुणगुण येईल ते यंत्र सापडले. ते लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघा. किणकिणता, बारीक शिट्टीसारखा आवाज लगेच थांबला तर दोष चार्जरच्या वाटेचा आहे आणि गाणे संपेपर्यंत बॅटरीवर चालवणे हा सर्वांत स्वस्त उपाय. दोन पिनांच्या चार्जरवर असलेल्या धातूच्या लॅपटॉपला मनगट टेकले की झिणझिण्या येतात, ते याच कुळातले.

उपाय तुमच्याकडे आहेत. मंच आणि मिक्सर यांना वीज एकाच फेजवरून, एकाच बोर्डावरून द्या. चार सिंथ, लॅपटॉप आणि छोटा मिक्सर मिळून ३०० वॉटही खात नाहीत, म्हणजे सव्वा अँपियरच्या आसपास. सहा अँपियरच्या एका सॉकेटवर आरामात बसतात. दिवे वेगळ्या फेजवर. आणि डीआय बॉक्स ठेवा, म्हणजे वाद्याचा आवाज लांबच्या वायरीतून स्वच्छ जाईल असा करून देणाऱ्या छोट्या पेट्या. वर सांगितलेले दहा चॅनल असे: ड्रम मशीनचे तीन, म्हणजे किक, स्नेअर आणि बाकीचे, बेस सिंथ एक, कॉर्ड वाजवणारा सिंथ दोन, बेस गिटार एक, गिटारच्या अ‍ॅम्पवर माइक एक, गायन दोन. यातल्या पहिल्या सात वायरींना डीआय लागतात. सिंथसाठीचे सहा पॅसिव्ह (वीज न लागणारे) घ्या, त्यांच्यातला ट्रान्सफॉर्मर दोन अर्थिंगमधला संबंध तोडतो. बेस गिटारसाठी एक अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे तिचा आवाज बसका होत नाही. त्याला मिक्सरवरून ४८ व्होल्ट सोडावे लागतात. डीआय नसेल तर सिंथची साधी वायर वीस-पंचवीस मीटर लांब मिक्सरपर्यंत ओढली जाते आणि वाटेतले सगळे गोळा करत जाते. तिची मर्यादा पाच-सहा मीटर. आणि सिंथचा लाइन लेव्हलचा, म्हणजे माइकपेक्षा बराच जोरकस, आवाज माइकच्या खाचेत घातला की तो फाटणारच. तो जोर कमी करणारे पॅडचे बटण दाबायला विसरू नये.

एक गोष्ट काही झाले तरी करू नका. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची तिसरी, जाडी पिन काढायची किंवा तिच्यावर टेप गुंडाळायची. गुणगुण जाते हे खरे. पण मग आत कुठे फेज धातूला चिकटला तर तो जायला वाट राहत नाही. गायकाचा एक हात गिटारच्या तारेवर आणि ओठ माइकच्या जाळीवर असतात. ज्या सभागृहात अर्थिंगच धड नाही तिथे वायरमनला बोलवा. फेज ते अर्थिंग साधारण २३० व्होल्ट आणि न्यूट्रल ते अर्थिंग दोन-तीन व्होल्टांच्या आत, हे मल्टिमीटरवर दिसले पाहिजे. नुसत्या मल्टिमीटरवर भरवसा नको. फेज आणि अर्थिंगमध्ये टेस्ट लॅम्प लावून तो पूर्ण पेटतो का ते वायरमनला बघू द्या. तिथे ईएलसीबी (विजेची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) असेल तर तो पडेल, पण पडला म्हणून अर्थिंग धड आहे असे समजू नका; थोडीशी गळतीही त्याला पुरते.

अ‍ॅडॉप्टरचे एक छोटे प्रकरण आहे, पण महागडे. गिटारच्या पेडलला लागणारा नऊ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर बहुधा प्लगच्या मध्यभागी ऋण असतो. कॉर्ग व्होल्का हा मुलांच्या हातातला नेहमीचा छोटा सिंथ, त्याचाही नऊ व्होल्ट, पण मध्ये धन. घाईत विंगेतला कोणीतरी ‘नऊच आहे ना’ म्हणून लावतो. परदेशातून कोणाच्या सामानातून आलेली ११०-१२० व्होल्टची यंत्रे थेट २३० मध्ये घातली की धूरच. तुमच्या स्वयंसेवकांना एवढेच सांगा: बँडच्या फळीवरच्या वायरीला बँडखेरीज कोणी हात लावायचा नाही.

लयीचे गणित बँडने सांभाळायचे, पण बिघडले की ते कसे दिसते ते तुम्हाला माहीत असावे. यंत्रे एकमेकांना लयीचे ठोके पाठवतात, एका मात्रेला २४. म्हणजे १२० च्या लयीत सेकंदाला ४८. व्होल्काच्या सिंकच्या वायरीवर मात्रेला फक्त दोन. कोणी एकच मालक असावा लागतो. लॅपटॉप आणि ड्रम मशीन दोघेही मालक झाले, किंवा एकाने दुसऱ्याचे ठोके परत त्यालाच पाठवले, की लय अडखळते किंवा दुप्पट पळते. परीक्षकांना वाटते मुले कच्ची आहेत. मुले कच्ची नसतात, एक सेटिंग चुकलेले असते, आणि ते लाइन चेकच्या एका मिनिटात सापडते. ते एक मिनिट म्हणजे वरच्या हिशेबातली पाचवी बाब.

आवाजाच्या मर्यादेबद्दल: ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवायला सांगतात, बंदिस्त सभागृहाला त्यात सूट आहे, उघड्या मैदानाला सरकारने जाहीर केलेले सणासमारंभाचे मोजके दिवस सोडले तर नाही. हे तुम्ही जाणता. तरी मैदानावरच्या कार्यक्रमात जुळणीला वेळ लागतो म्हणून सिंथ बँडला शेवटी ठेवता आणि साडेनऊला सांगता की एकच गाणे वाजवा. पहिला ठेवा. सकाळी जुळवून ठेवलेले टेबल त्यालाच सोयीचे.

आता खोलीची गोष्ट. सिंथ बँड घडतो खोलीत, मंचावर नाही. शेफील्डच्या महापालिकेने १९७२ मध्ये मीटव्हिसल नावाचा तरुणांचा नाट्यउपक्रम चालवायला पैसे दिले. वेअर, मार्श आणि पुढे हेवन १७ या बँडचा गायक झालेला ग्लेन ग्रेगरी तिथेच एकमेकांना भेटले. त्याच शहरातल्या कॅबरे व्होल्तेर या बँडने वेस्टर्न वर्क्स नावाच्या जागेत स्वतःचा स्टुडिओ थाटला. दोन्हीकडे समान गोष्ट एकच: संध्याकाळी उघडी असणारी जागा, जिथे यंत्र जोडलेले ठेवून घरी जाता येते.

तुमच्याकडे तालमीची खोली असते. ती नाटकाला असते, आणि असावी. पण तिच्यात एक कुलपाचे कपाट बँडला दिले तर अर्धी भांडणे मिटतात. कपाट नसते तेव्हा यंत्र ज्याचे, तो ते रोज घरी नेतो. सिंहगड रस्त्यावरच्या खड्ड्यांतून, स्कूटरच्या पायाशी उभे ठेवून, पावसात. महिन्याभरात जॅकच्या सॉकेटचा झाळ (सोल्डर) तडकतो आणि आवाज येतो-जातो. तपकीर गल्लीत जॅक, डीसी सॉकेट, कपॅसिटर, रेग्युलेटर मिळतात, तेवढे भागते. त्या मॉडेलचा स्लायडर किंवा कीबोर्डखालची रबराची पट्टी मात्र तिथे मिळत नाही. ती बाहेरून मागवायची आणि कस्टमची वाट बघायची. तोवर बँड बंद. आणि यंत्राचा मालक वैतागून म्हणतो, यापुढे तालीम माझ्या घरी, माझ्या वेळेला. त्या दिवसापासून तो बँड त्याचा होतो, बाकीचे पाहुणे.

कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, महिन्याला बदला. यंत्रावर प्लॅस्टिक घट्ट गुंडाळू नका, आत दमट हवा कोंडते. सुती कापड बरे. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर चालू करा, सगळी बटणे दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. खरखरणाऱ्या बटणांना कॉन्टॅक्ट क्लीनर, कीबोर्डच्या रबराला आयसोप्रोपिल अल्कोहोल. खोबरेल तेलाचा प्रयोग आम्ही पाहिलेला आहे. तो करू नये.

डोक्यातल्या सेटिंगबद्दल. बँडमधल्यांचे तिसरे वर्ष संपते, कॅम्पसमधून नोकरी लागते किंवा कोणी एमएसला जातो. जो जातो तो नेमका आवाज बनवणारा असतो. कॉर्ग एमएस-२० मिनीला स्मरणशक्ती नाही. बटणे आणि वायरी हीच स्मरणशक्ती. जुन्या डिजिटल यंत्रांना असते, पण ती आतल्या गोल बॅटरीवर; बॅटरी गेली की साठवलेले सगळे आवाज गेले. मागे राहिलेले तिघे गाणी वाजवू शकत नाहीत, नवीन माणूस घेतला तर तो म्हणतो, मी माझे आवाज बनवतो. बँड तिथे संपतो आणि कोणाचे कोणाशी भांडणही झालेले नसते. यावर औषध कंटाळवाणे आहे. प्रत्येक गाण्याचे एक पान, त्यावर प्रत्येक बटणाची जागा घड्याळातल्या काट्यासारखी लिहिलेली: कटऑफ दहा वाजता, रेझोनन्स दोन वाजता. फोनमधला एक फोटो, समोरून, सावली न पडता. आणि विमा म्हणून प्रत्येक आवाजाचे दर तिसऱ्या स्वराचे पाच-पाच सेकंदांचे ध्वनिमुद्रण. नाटकाच्या स्पर्धेत संहितेच्या प्रती मागता ना? बँडकडून ही पाने मागा. वाचू नका हवी तर, नुसती मागा.

शेवटचे, पैसा आणि नाव. ह्यूमन लीग १९८० मध्ये फुटला तो दौरा तोंडावर असताना. वेअर आणि मार्श बाहेर पडले. नाव ओकीकडे राहिले आणि नावाबरोबर दौऱ्याची जबाबदारी आणि देणीही त्याच्याच गळ्यात आली. पुढच्या अल्बमच्या मिळकतीतला एक टक्का बाहेर गेलेल्यांना द्यायचे ठरले. तो अल्बम १९८१ मध्ये आला आणि तुफान खपला. जॉय डिव्हिजन या दुसऱ्या इंग्लिश बँडचे उलट होते. आपल्यातला कोणी नसेल तर हे नाव वापरायचे नाही असे त्यांनी आधीच ठरवले होते. १८ मे १९८० रोजी त्यांचा गायक इयन कर्टिस गेला आणि उरलेल्या तिघांनी न्यू ऑर्डर हे नाव घेतले. दोन्ही मार्ग चालले, कारण नावाचे काय करायचे ते प्रत्येकाला ठाऊक होते.

आपल्याकडे ते कोणालाच ठाऊक नसते, आणि त्यात तुमचा वाटा आहे. तुम्ही बक्षिसाचा चेक ‘संघप्रमुखा’च्या नावाने काढता. त्याने त्यातून स्वतःच्या सिंथचा हप्ता भरला तर ते बरोबर की चूक? लेखी काही ठरले नसेल आणि बँडने मिळून पैसे कमावले असतील, तर तो व्यवहार भागीदारी ठरू शकतो. आणि १९३२ चा भागीदारी कायदा म्हणतो, वेगळे ठरले नसेल तर नफा-तोटा समान. हे कळेपर्यंत बोलणे बंद झालेले असते. शब्द आणि चाल यांचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा आणि चाल बांधणाऱ्याचा. बेस सिंथची ओळ ज्याने काढली तो चालीत येतो का, हे चौघांनी आधी बोलायचे असते. प्रायोजकाच्या चॅनलवर कार्यक्रमाचे चित्रीकरण टाकण्यापूर्वी कलाकारांची लेखी संमती घ्या, तोही हक्क कायद्यात आहे.

तेव्हा प्रवेशअर्जाला एक पान जोडा. चार सभासदांची नावे आणि प्रत्येकाचे यंत्र कोणाच्या मालकीचे. बक्षिसाची वाटणी कशी. शब्द कोणाचे, चाल कोणाची, टक्क्यांत. एकजण गेला तर नाव कोणाकडे आणि ठरलेला कार्यक्रम कोणाच्या अंगावर. चौघांच्या सह्या. या पानाचा उपयोग तुम्हाला काही नाही. भरताना चौघे कँटीनमध्ये एका टेबलावर बसतील आणि तिसऱ्या ओळीवर अडतील, तिथेच काय ते बोलून होईल. बँड मोठा झाला तर मग स्टँपपेपर आणि ट्रेडमार्क, मनोरंजनाचा वर्ग ४१.

पुढच्या वर्षाच्या नियमावलीचा मसुदा गणपतीआधी आम्हाला दाखवलात तर वरच्या ओळी त्यात कुठे बसतात ते खुणा करून देऊ. अर्थिंगची तपासणीही तेव्हाच उरकून घ्या. गणपतीत कुठलाही वायरमन तुमच्या सभागृहात फिरकणार नाही, तो मांडवावर असतो.

कळावे,
मिक्सरमागची काही मंडळी, पुणे